इंचभर सैनिक

जयपुरातल्या माझ्या टेबलावर सध्या चोवीस सैनिक उभे आहेत. तळपायापासून डोळ्यांपर्यंत प्रत्येकाची उंची २८ मिलिमीटर, म्हणजे इंचाहून जराशी जास्त. बारा एका बाजूचे, बारा दुसऱ्या. रंग वाळला की ते हिरव्या चटईवर, पुठ्ठ्याच्या घरांमधून लढतील. किती पुढे सरकायचे ते मोजपट्टी सांगेल, गोळी लागली की नाही ते फासे.

मावळे किंवा राजपूत घोडेस्वार रंगवताना माझ्या मनात कधी प्रश्न आला नव्हता. तीनशे वर्षे मध्ये असली की रक्ताचाही इतिहास होतो. आजचा सैनिक रंगवायला घेतला आणि हात अडखळला. त्याच्या हातातली रायफल सकाळच्या वर्तमानपत्रात असते. जयपूर हे लष्कराच्या सप्तशक्ती कमांडचे मुख्यालय. माझ्या छोट्या माणसासारखाच गणवेश घातलेला खरा माणूस इथे भाजीच्या गाडीपाशी शेजारी उभा राहतो. त्याच्या मरणाची शक्यता मी फाशांवर टाकून रविवारची दुपार घालवावी का?

आधी हातातल्या कामाबद्दल सांगतो, कारण प्रश्न तिथूनच उगवला. भारतीय लष्कराचा नवा गणवेश १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी पहिल्यांदा दिसला. त्यावरची नक्षी बारीक चौकोनी ठिपक्यांची. ती इंचभर अंगावर जशीच्या तशी उतरवली, तर हातभर अंतरावरून नुसता चिखल दिसतो. म्हणून ठिपके मोठे करायचे, रंग एक छटा उजळ घ्यायचा. ज्या कापडाचे कामच माणसाला दिसू न देणे, ते मी उठून दिसावे म्हणून रंगवतो. मग पातळ काळपट रंगाचा हात फिरवला की तो घड्यांमध्ये उतरतो आणि शेवटी चेहरा येतो. जयपूरच्या लघुचित्रकारांकडे चेहऱ्याला उठाव देणारे बारीक ठिपक्या-रेघांचे काम असते, त्याला परदाज म्हणतात. माझी मजल दोन डोळ्यांच्या दोन ठिपक्यांपर्यंत. पण ते ठिपके पडले की बाहुला कुणाकडे तरी बघू लागतो.

लहानपणी साताऱ्याला आम्ही दिवाळीत किल्ला करायचो. माती, दगड, पोती, उतारावर पेरलेले अळीव. माथ्यावर सिंहासनावर महाराज, खाली दारादारांत मावळे. जत्रेत घेतलेले बंदूकवाले प्लॅस्टिकचे शिपाईही त्यांच्या रांगेत निमूट उभे राहत. आज आठवते, त्या किल्ल्यावर शत्रू नसायचा. कुणाशी लढायचे आहे हे आम्हाला माहीत होते, पण त्याला जागा नव्हती. टेबलावरच्या खेळात तसे चालत नाही. इथे शत्रूही मलाच रंगवावा लागतो. त्याच्या बुटांवरची धूळ, त्याच्या गालावरची सावली, त्याचे दोन डोळे. आपल्यांना नीट रंगवायचे आणि त्याला कसेबसे उरकायचे, असे करून पाहिले. टेबलच खोटे दिसू लागले. या छंदाच्या बाजूने माझ्यापाशी एवढाच प्रामाणिक मुद्दा आहे: समोरच्यालाही चेहरा असतो, हे तो बोटांना शिकवतो.

एच. जी. वेल्स यांचा मुद्दा याहून मोठा होता. १९१३ साली त्यांनी ‘लिटल वॉर्स’ लिहिले, खेळण्यातल्या सैनिकांचे युद्ध खेळायचे नियम. शेवटी त्यांचे म्हणणे असे, की ही छोटी लढाई दोन-चारदा खेळणाऱ्याला खरे युद्ध किती आंधळे, किती गोंधळाचे असते ते कळल्याशिवाय राहणार नाही. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. आणि त्याच्या कितीतरी आधी, १८२४ पासून, प्रशियाचे अधिकारी असाच खेळ खरी युद्धे जिंकण्यासाठी खेळत होते. खेळ माणसाला शहाणे करतोच असे नाही. तो सराईतही करतो.

माझे उत्तर मला भाच्याच्या प्रश्नातून मिळाले. तो खेळ बघत बसला होता. फासा पडला, मी एक सैनिक उचलला. त्याने विचारले, “मामा, हा आता कुठे जाणार?”

“डब्यात.”

“मग पुढच्या रविवारी?”

“पुन्हा येईल.”

त्याला ते पटले. मला पटले नाही.

युद्ध लहान करण्यात दोष नाही. जयपूरच्या सिटी पॅलेसच्या संग्रहात अकबराने करवून घेतलेले महाभारताचे फारसी भाषांतर आहे, ‘रज्मनामा’, म्हणजे युद्धाचा ग्रंथ. लघुचित्रांतले युद्धही वीतभर कागदावरचेच. पण त्या काळच्या युद्धचित्रांत पडलेले पडलेलेच राहतात. तुटलेली शिरे, घोड्यांच्या पायांखालची माणसे चौकटीबाहेर जात नाहीत. माझ्या टेबलावर मात्र पडलेला माणूस लगेच उचलला जातो, कारण पुढच्याला जागा हवी. आम्ही गाळतो ते युद्धानंतरचे सगळे.

आणि हे मी त्या शहरात करतो, जिथे १९६८ च्या सुमारास सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा या कारागिराने डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याबरोबर रबराचे पाऊल घडवले. परदेशी नमुन्याच्या कृत्रिम पायाला बूट लागे. त्यावर उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलात अनवाणी जाता येत नसे. जयपूर फूटवर हे सगळे जमते. पुढे ते सुरुंगांनी पाय नेलेल्या अफगाण माणसांपर्यंतही पोहोचले. त्या रबराचा रंग आपल्याकडच्या कातडीचा आहे. मी तोच रंग तपकिरीत थोडा पिवळा, थोडा लाल घालून झाकणात कालवतो, मोहरीएवढ्या चेहऱ्यासाठी. रंग एक, हातांचे कौशल्यही साधारण एकाच जातीचे. त्या कारागिराने मात्र खेळ संपल्यावर सुरू होणारी गोष्ट हातात घेतली होती.

मी छंद सोडलेला नाही. सोडून कुणाचे भले झाले असते असेही वाटत नाही. नियम तेवढा बदलला: पडलेला सैनिक डब्यात जात नाही, जागीच आडवा राहतो. त्याला मागे न्यायला त्याच्याच बाजूचे दोन जण लागतात आणि तेवढा वेळ त्या दोघांना गोळी झाडता येत नाही. खेळ रेंगाळतो, कधी निकालाविनाच संपतो. भाचा कंटाळून उठून जातो.

या आठवड्यात दोन जखमी रंगवतोय, दोन्ही बाजूंचा एकेक. त्यांचे डोळे अजून राहिले आहेत.