सल्ला कुणाचा, सही कुणाची?



गेल्या महिन्यात सूतगिरणीच्या हापिसात मला बोलावणं आलं. साहेब म्हणाले, "तू कविता करतोस, पोरं तुझं ऐकतात. कामगार समितीवर ये." खुर्ची दिली, चहा दिला. मग रजिस्टर पुढं सरकवलं. मिटिंग अजून व्हायची होती. पण मिटिंगमध्ये काय ठरलं ते लिहून तयार! रात्रपाळीची बस बंद. खाली माझ्या सहीपुरती जागा मोकळी. म्हणालो, विचार करून सांगतो.

तो विचार करताना ब्रिटनच्या राजाचं सल्लागार मंडळ डोक्यात आलं. प्रिव्ही कौन्सिल. नाव आपल्याकडं जुनं आहे. १९४९ पर्यंत हिंदुस्थानातल्या खटल्यांचं शेवटचं अपील याच कौन्सिलच्या न्यायसमितीपुढं चालायचं. मी बोलतोय ते राजाला सल्ला देणाऱ्या मूळ कौन्सिलबद्दल.

सभासद सातशेच्या वर. आजीमाजी मंत्री, विरोधी पुढारी, बडे न्यायाधीश, बिशप. पंतप्रधान नावं सुचवतो, राजा नेमतो. सभासदत्व तहहयात, शपथ गुप्ततेची, नावाआधी 'राइट ऑनरेबल'. पण नेहमीच्या बैठकीला बोलावणं तीन-चार मंत्र्यांनाच. तिघं जमले की कोरम पुरा. बैठक उभ्यानंच. कौन्सिलचा अध्यक्ष हुकमांची नावं वाचतो, राजा म्हणतो 'मंजूर'. चर्चा नाही. जे ठरायचं ते मंत्र्यांनी आधीच ठरवलेलं असतं. आणि हुकमावर छापून येतं: कौन्सिलच्या सल्ल्यानं राजाची आज्ञा.

म्हंजे सल्ला दिला कुणी?

हा नुसता दरबारी थाट असता तर मी शाई वाया घालवली नसती. हिंदी महासागरात चागोस बेटं आहेत. तिथले लोक बहुतेक नारळाच्या मळ्यांवर आणलेल्या गुलामांचे वंशज. १९६८ ते १९७३ या काळात ब्रिटननं त्यांना घरादारातून उठवलं. दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. २००० साली लंडनच्या हायकोर्टात ते जिंकले. २००४ च्या जूनमध्ये राणीनं कौन्सिलमध्ये हुकूम मंजूर केला आणि परतीची वाट पुन्हा बंद. पार्लमेंटमध्ये मतदान नाही, बेटवाल्यांना विचारणं नाही. २००८ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी तो हुकूम कायम केला.

मंत्री म्हणणार, आज्ञा राणीची. राणी म्हणणार, मी सल्ला मानला. बाकीचे सातशे म्हणणार, आम्हाला बोलावलंच नव्हतं. पाप वाटून घेतलं की कुणाच्याच अंगाला लागत नाही. गावातसुद्धा वाळीत टाकताना असंच होतं. सगळे म्हणतात, पंचांनी ठरवलं.

मग आपण आत जायचंच नाही काय? तसंही मला पटत नाही. बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, मजूर खातं घेतलं. कारखान्यातला आठवडा १९४६ साली ५४ तासांवरून ४८ वर आला, त्यामागं त्यांचं खातं होतं. त्याच माणसानं १९५१ साली हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून कायदेमंत्रिपद सोडलं. तहहयात खुर्चीही सोडता येते. तरुणपणी जहाजावर स्टुअर्ड असलेले जॉन प्रेस्कॉट २०१३ साली प्रिव्ही कौन्सिल सोडून गेले. वर्तमानपत्रांवरच्या देखरेखीला चालढकल चालली म्हणून.

तेव्हा मला एवढं कळलं. आपलं नाव ज्या निर्णयाखाली छापलं जातं, त्या निर्णयात आपला हिस्सा असतो, मग आपण तोंड उघडो की न उघडो. गप्प बसलेला सल्लागार निर्दोष नसतो. त्याचं गप्प बसणं हाच त्याचा सल्ला.

मी समितीवर जाणार आहे. आधीच लिहिलेल्या पानावर सही करणार नाही. बस बंद झाली तर पहाटे पाळी सुटल्यावर पोरांनी वस्तीपर्यंत अंधारातनं चालायचं, हे रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात लिहीन. लिहू दिलं नाही तर उठेन. आणि गुप्ततेची शपथ आपल्याला नाही; का उठलो ते खात्यात येऊन प्रत्येक मशीनवर सांगेन.

तुम्हालाही कुठं ना कुठं खुर्ची मिळेल. बसण्याआधी रजिस्टर उघडून बघा.

जयभीम.