पाहुण्याचा निवाडा

प्रवासाने मनुष्य शहाणा होतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हे म्हणणे अक्षरशः खरे असेल, तर आजच्याइतकी शहाणी पिढी महाराष्ट्रात पूर्वी कधी झाली नसावी. कारण परदेशगमन ही आता राजेरजवाड्यांची, बॅरिस्टरांची किंवा मोठ्या व्यापाऱ्यांचीच मिरासदारी राहिलेली नाही. भिवंडी-कल्याण रस्त्यावरील कोन हे गाव घ्या. एका अंगास भिवंडीचे माग आणि गुदामे, दुसऱ्या अंगास उल्हासची खाडी, आणि पूल ओलांडला की कल्याणचा दुर्गाडी किल्ला. अशा ठिकाणच्या एखाद्या नोकरदार कुटुंबाने निवृत्तीच्या पैशांतून प्रवासी कंपनीच्या सहलीबरोबर जावे आणि आठवड्याभरात कोपनहेगन व स्टॉकहोम ह्या दोन राजधान्या पाहून यावे, ह्याचे आज कोणास नवल वाटत नाही. नवल वाटत नाही, म्हणूनच ह्या प्रवासाचा नीतीच्या बाजूने थोडा विचार करावासा वाटतो.

ह्या सहलींवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप सर्वांस ठाऊक आहे. वाट दुसऱ्याने ठरवावयाची, वेळ दुसऱ्याने ठरवावयाची, खिडकीतून उजवीकडे पाहा म्हटले की उजवीकडे पाहावयाचे, आणि रात्री वरणभात जेवून निजावयाचे. ह्याला प्रवास तरी का म्हणावे, असे विचारले जाते. हा आक्षेप आम्हांस अन्यायाचा वाटतो. आपली तीर्थयात्रा मार्गदर्शकावाचून कधी झाली? काशीस पंड्या असे, नाशिकास क्षेत्रोपाध्याय असे. दिंडीत चालणारा वारकरी आपला मुक्काम स्वतः ठरवीत नाही, म्हणून त्याची वारी खोटी ठरत नाही. शिवाय जिने चाळीस वर्षे दुसऱ्यांचे डबे भरण्यात घालविली, जिला परकी भाषा बोलावयाचा सराव नाही, तिला ‘एकटीने जा, तरच खरे पाहशील’ असे सांगणे म्हणजे सभ्य शब्दांत ‘जाऊ नको’ असेच सांगणे होय. सोबतीने जाण्यात कमीपणा नाही.

खरा प्रश्न निराळा आहे. यात्रेकरू परत येताना गंगेचे पाणी आणि प्रसाद घेऊन येई; सहलीचा प्रवासी पुष्कळदा निवाडा घेऊन येतो. ‘तिकडची माणसेच वेगळी.’ ‘आपल्याकडे हे कधी व्हावयाचे नाही.’ चार दिवसांच्या पाहुण्यास एका राष्ट्राचा, आणि त्याच श्वासात स्वतःच्या राष्ट्राचाही, निकाल देण्याचा अधिकार कोठून प्राप्त होतो? आणि असा निकाल देण्याची सवय त्याच्या मनाचे काय करते?

स्टॉकहोमास जाणाऱ्या सहलींत सहसा न चुकणारे ‘वासा’ हे जहाज घेऊ. दुसऱ्या गुस्ताव अडॉल्फ राजाने बांधविलेली ही युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीस निघाली आणि सुमारे तेराशे मीटर जाते न जाते तोच वाऱ्याच्या झोताने कलंडून बंदरातच बुडाली. तोफांचे दोन मजले चढविल्यामुळे तिचा वरचा भार बेसुमार झाला होता. निघण्यापूर्वी तीस माणसांना डेकवर ह्या बाजूपासून त्या बाजूपर्यंत धावावयास लावून तिची परीक्षा घेतली, तेव्हा ती इतकी डुलू लागली की परीक्षाच थांबवावी लागली. परंतु राजास घाई होती, आणि त्यास थांबा म्हणण्याचे धैर्य कोणास झाले नाही. पुढे चौकशी झाली. शिक्षा कोणासच झाली नाही. १९६१ साली ते जहाज पाण्याबाहेर काढण्यात आले आणि १९९० पासून त्याच्यासाठी बांधलेल्या संग्रहालयात उभे आहे.

त्या अंधाऱ्या दालनात उभे राहिल्यावर कोनच्या प्रवाशास दुर्गाडी आठवला तर ते स्वाभाविकच आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि त्यानंतर ह्याच खाडीच्या काठी मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजे बांधावयास सुरुवात झाली. त्यांतील एकही आज दाखवावयास नाही. लगेच ओठांवर वाक्य येते : ‘त्यांनी बुडालेले जहाज जपले, आम्ही तरलेली गमावली.’ वाक्य टाळीचे आहे. पण खरे किती? बाल्टिक समुद्राचे पाणी फार कमी खारट, त्यामुळे लाकूड पोखरणारा समुद्रकिडा तेथे तग धरीत नाही. म्हणून ‘वासा’ ३३३ वर्षे तळाशी पडूनही टिकले. आपल्या उबदार, खाऱ्या पाण्यात लाकडाला तेवढे आयुष्य नाही. स्वीडिश लोकांचे श्रेय ते वर काढल्यानंतर सुरू होते. लाकूड सुकून तडकू नये म्हणून सतरा वर्षे त्यावर रासायनिक द्रवाचे फवारे सोडीत राहणे, ही तपश्चर्या खरी. सारांश, निसर्गाचे दान किती आणि माणसाचे कष्ट किती हे निवडून वेगळे केल्यावाचून स्तुती खरी होत नाही आणि निंदाही खरी होत नाही.

कोपनहेगनची गोष्ट ह्याहून बोधक आहे. तेथे उन्हाळ्यात शहराच्या मध्यभागी, बंदराच्या पाण्यात, मुलेबाळे पोहताना दिसतात. खाडीकाठी राहणाऱ्या माणसास ते दृश्य चटका लावते. कारण शहरांच्या आणि कारखान्यांच्या सांडपाण्याने उल्हासची काय दशा झाली आहे, हे त्यास कोणी सांगावयास नको. ‘स्वच्छता त्यांच्या रक्तातच आहे’, असे तो उद्गारतो. परंतु हेच बंदर काही दशकांपूर्वी मैल्याने व कारखान्यांच्या घाणीने इतके दूषित होते की त्यात पोहणे धोक्याचे होते. गटारांची व्यवस्था सुधारण्यात, पावसात तुंबणारे पाणी साठविण्याच्या टाक्या बांधण्यात वर्षानुवर्षे गेली. तेव्हा कोठे २००२ साली इस्लंड्स ब्रुग्गे येथे बंदरातील स्नानाची जागा लोकांस खुली झाली. तात्पर्य, ती स्वच्छता रक्तातून आली नाही. ती गटारांच्या नळांतून आणि नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातून आली.

येथे घाईच्या निवाड्यातील नैतिक दोष उघडा पडतो. ‘ते मुळातच तसे’ असे म्हटले की ‘आम्ही मुळातच असे’ हे ओघाने आले. आणि जे मुळातलेच आहे, त्याचा जाब कोण कोणास विचारणार? आत्मनिंदा विनयासारखी दिसते, परंतु पुष्कळदा ती आळसाची सोयीस्कर सबब असते. स्वतःच्या देशास नावे ठेवणारा मनुष्य आपण सत्य बोललो ह्या समाधानात असतो, आणि त्याच वेळी त्याने स्वतःस सर्व कर्तव्यांतून मोकळे करून घेतलेले असते.

ह्याच्या उलट टोकाचा निवाडाही तितकाच स्वस्त आहे. कोपनहेगनात रोझेनबोर्ग हा चौथ्या ख्रिश्चन राजाचा वाडा दाखवितात. त्याच राजाच्या कारकिर्दीत, १६२० मध्ये, तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून डेन लोकांनी तरंगमबाडी येथे वखारीस जागा मिळविली आणि ती १८४५ मध्ये इंग्रजांस विकली. मधल्या काळात तंजावरास भोसल्यांचे राज्य आले. दुसरे सरफोजी राजे ज्या श्वार्ट्झ पाद्र्याच्या देखरेखीखाली वाढले, तो १७५० मध्ये तरंगमबाडीच्या डॅनिश मिशनमध्येच प्रथम उतरला होता. कॅरिबियन समुद्रातील डॅनिश बेटांत उसाचे मळे गुलामांच्या श्रमावर चालत. हे समजल्यावर कोणी म्हणेल, ‘म्हणजे हे सारे वैभव लुटीचे!’ पण ह्याच राज्याने गुलामांच्या व्यापारास बंदी करणारा कायदा १७९२ मध्ये केला व १८०३ पासून अमलात आणला; आणि ह्याच राज्याच्या बेटांत गुलामगिरी मात्र १८४८ पर्यंत चालू राहिली. एका वाक्यात बसेल असा निकाल द्यावयाचा, तर ह्यांतील कोणती तारीख गाळावयाची?

मग प्रवाशाने काही बोलूच नये काय? सर्व इतिहास वाचल्यावाचून मत देऊ नये, असा दंडक घातला तर जगात कोणासच तोंड उघडता येणार नाही. आमचे म्हणणे इतके कडक नाही. प्रत्यक्ष पाहण्याने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते : अमुक एक होऊ शकते. घाण झालेले पाणी पुन्हा पोहण्याजोगे होऊ शकते. एखादे राष्ट्र आपली फजिती झाकून न ठेवता काचेआड नव्हे तर उघड्यावर, सर्वांच्या देखत मांडू शकते. ही साक्ष मोलाची आहे आणि ती देण्याचा अधिकार चार दिवसांच्या पाहुण्यासही आहे. परंतु साक्षीदाराने न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसू नये. ‘होऊ शकते’ ह्याच्या पुढचा शब्द ‘कसे’ हा आहे, आणि त्याचे उत्तर सहलीच्या मार्गदर्शकाकडे मागणे रास्त नव्हे. त्याने दाखविले, तेथे त्याचे काम संपले. विचारण्याचे काम घरी आल्यावर सुरू होते.

परत आलेल्या प्रवाशाने पुलावरून खाडीकडे पाहताना ‘आपल्याकडे हे व्हावयाचे नाही’ असे म्हटले, तर त्याने एवढा खर्च करून फक्त एक जुनी सबब नव्याने विकत आणली. परंतु हे पाणी कोठे कोठे घाण होते, सांडपाणी शुद्ध करण्याची जबाबदारी कोणत्या ग्रामपंचायतीवर, कोणत्या महापालिकेवर, कोणत्या कारखान्यावर आहे, आणि ती पार पाडली जाते की नाही, असे त्याने चार ठिकाणी विचारले, तर कोणीतरी हात धरून नेलेला तो प्रवासी स्वतःच्या पायांनी चालू लागला, असे म्हणावयास हरकत नाही.