सव्वा महिन्याचा हिशेब

बाळंतिणीचा सव्वा महिना कसा सांभाळायचा, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. घर कितीही गरीब असो, सासू-आई मिळून कसंतरी निभावतात. तेल कोमट होतं, न्हाऊ घालणारी बाई येते, पोट बांधलं जातं, शेक-शेगडी होते. बाळंतिणीनं गार पाण्यात हात घातला तरी शेजारीण ओरडते. यातल्या काही रीती आजच्या डॉक्टरला पटणार नाहीत, पण त्यामागची समज पक्की आहे. अंगावरून एवढं मोठं काही गेलं की ते अंग काही दिवस दुसऱ्यांनी सांभाळायचं असतं.

आता त्याच घरातली पस्तिशीची बाई घ्या. तिची ‘पिशवी काढली’. पोटावर वीतभर चीर, आत शिवण, रक्त गेलेलं, भूल उतरलेली. टाके निघाले की ती चुलीपुढे असते आणि पंधरा-वीस दिवसांत डोक्यावर हंडा. हिला ना तेल, ना शेक, ना ओरडणारी शेजारीण. मूल झालं नाही, मग सव्वा महिना कशाचा?

बीड जिल्ह्यात हा प्रश्न एखाद-दुसऱ्या घरापुरता नाही. जून 2019 मध्ये विधान परिषदेत सरकारनंच सांगितलं, की आधीच्या 3 वर्षांत जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत गर्भाशय काढण्याच्या 4,605 शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोड करणाऱ्या 82,309 महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. यातल्या बऱ्याच जणी पस्तिशी-चाळिशीच्या, काही तर त्याहूनही लहान.

या शस्त्रक्रिया का झाल्या, किती गरजेच्या होत्या, कोणी कोणाला घाबरवलं, यावर पुष्कळ लिहून झालं आहे आणि ते लिहायलाच हवं होतं. पण ज्यांची झाली त्या बायका पुढे उठल्या कशा, चालल्या कशा, त्यांच्या अंगाकडे कोणी पाहिलं, हे मात्र कोणी फारसं विचारलं नाही. आजचं चिंतन त्या न विचारलेल्या भागाचं.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती कोयत्यावर. एकानं खाडा केला की कोयता मोडतो आणि दंड लागतो. दिवसाला 500 रुपये कापल्याचं बायकांनी वेळोवेळी सांगितलं आहे. पहाटे फडात शिरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, मग त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. एक मोळी तीस-चाळीस किलोची. दसरा-दिवाळीला धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारकडून गाड्या निघाल्या, की कोल्हापूर-सांगलीपासून कर्नाटकापर्यंत पाच-सहा महिने हेच. म्हणून पिशवी काढायचीच असेल तर हंगामाआधी उरकून घ्या, असं घरात ठरतं. तारीख ठरते ती कारखान्याच्या मोळीपूजनावरून. जखम भरायला किती दिवस लागतील हे त्या हिशेबात येतच नाही.

जखमेचं मात्र स्वतःचं एक पंचांग असतं. बाहेरचे टाके आठ-दहा दिवसांत निघतात, वरून सुकल्यासारखं दिसतं आणि इथेच घरचे फसतात. आतला प्रकार वेगळा. कापलेल्या जागी शरीर आधी घाईघाईनं कच्चे तंतू भरतं, मग सवडीनं ते नीट लावून घट्ट करत जातं. तीन आठवड्यांनी त्या जागेची ताकद मूळच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी असते. तीन महिन्यांनी ती ऐंशी टक्क्यांच्या आसपास जाते आणि तिथेच थांबते. पूर्वीची शंभर टक्के ताकद कधीच परत येत नाही. पेरलेलं रान कोणी तुडवत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागू नये.

म्हणून डॉक्टर सांगतात, सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलू नका. सहा आठवडे म्हणजे जवळजवळ आपला सव्वा महिनाच की! भरलेला हंडा पंधरा किलोच्या वर जातो. मोळीचं तर बोलायलाच नको. या दिवसांत वजन उचललं तर आतली शिवण ताणते, पोटाच्या भिंतीत फट राहून हर्निया होऊ शकतो. मग दुसरं ऑपरेशन, दुसरं कर्ज.

पण जड काम नको म्हणजे खाटेवर पडून राहा, असं नव्हे. इथे आपली जुनी समजूत थोडी बदलायला हवी. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी 1990 च्या दशकात दाखवून दिलं, की ऑपरेशननंतर रुग्णाला लवकर उठवलं, लवकर खाऊ घातलं आणि वेदना नीट आवरली, तर तो लवकर आणि कमी त्रासानं बरा होतो. आज जगभरच्या रुग्णालयांत ही पद्धत रुळली आहे. नर्सबाई दुसऱ्याच दिवशी ‘उठा, चाला’ म्हणते तेव्हा नातेवाइकांना ती निष्ठुर वाटते. पण तिचं बरोबर असतं.

उठायचं कसं, हे मात्र कोणीतरी दाखवावं लागतं. पाठीवर झोपलेली बाई सवयीनं सरळ उठू बघते. सगळा जोर पोटावर येतो, कळ मस्तकात जाते आणि ती पुन्हा उठायचं नाव काढत नाही. खरी रीत सोपी आहे. गुडघे दुमडायचे, पूर्ण अंग एका कुशीवर वळवायचं, पाय खाटेवरून खाली सोडायचे आणि हातांच्या रेट्यानं वर यायचं. पोटाला करायला काही ठेवायचंच नाही. खोकला आला तर गोधडीची घडी पोटाशी दोन्ही हातांनी घट्ट धरायची आणि मग खोकायचं. एवढ्यानं निम्मी भीती जाते. नाहीतर भीतीपोटी बाई खोकणंच टाळते, छातीत कफ साठतो आणि ताप येतो.

पहिल्या दिवसांत करायचं ते इतकंच. दर तासाला पाच-सहा वेळा नाकानं खोल, पोटापर्यंत जाईल असा श्वास घ्यायचा. पावलं घोट्यातून दहा-बारा वेळा वर-खाली करायची. पोटरीचा स्नायू हलला की पायातलं रक्त वर ढकललं जातं, साकळत नाही. मग अंगणापर्यंत चालायचं, दोन दिवसांनी गल्लीच्या टोकापर्यंत. याला ना खर्च, ना साधन.

आता मालिशीचं. घरात आजारी माणूस आलं की आपला हात आपोआप पाय चेपायला जातो. तो मायेचा हात आहे, पण ऑपरेशननंतर त्याला थोडी शिस्त लागते. एका पायाची पोटरी सुजली असेल, दुखत असेल, गरम लागत असेल, तर त्या पायाला कोणीही चेपायचं नाही. तिथे रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्यानं ती सुटून फुफ्फुसात गेली तर माणूस हातचा जातो. अशा वेळी तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. अचानक धाप लागली, ताप चढला, टाक्यातून पू आला किंवा अंगावरून जास्त रक्त गेलं, तरीही तेच. ओल्या टाक्यांवर तेल नको, हळद नको, शेक तर नकोच. चिरेभोवतीची कातडी काही दिवस बधिर असते. चटका बसतो आणि कळतही नाही.

मग हात लावायचाच नाही का? लावायचा. मान, खांदे, पाठीचा वरचा भाग, तळहात इथे पहिल्या आठवड्यापासून हलक्या हातानं तेल लावायला सहसा हरकत नसते. दुखऱ्या पोटाला जपत बाई पुढे वाकून चालते, त्यानं खांदे आणि पाठ आखडतात. दहा मिनिटं कोणी शांतपणे हात फिरवला की श्वास मोकळा होतो, झोप लागते. आणि शरीराची डागडुजी झोपेत चांगली होते.

खुद्द वणाची पाळी सहा आठवड्यांनी येते. जखम पूर्ण मिटली, खपली पडली, डॉक्टरांनी होकार दिला की दोन बोटांना खोबरेल लावून वणावर छोटी छोटी वर्तुळं काढायची. दिवसातून पाच मिनिटं पुरेत. आधी नुसता स्पर्श, मग हळूहळू दाब. वणाची कातडी त्यानं मऊ पडायला मदत होते आणि तिथली विचित्र झिणझिण कमी होते. हे काम बाईनं स्वतः केलेलं चांगलं. पुष्कळ जणींना त्या जागेकडे बघवतही नाही. दुसरीकडे, पोट दाबून आतल्या चिकटलेल्या आतड्या मोकळ्या करून देतो, असं कोणी सांगत आलं तर त्याला दारातूनच परत पाठवावं. बोटांची करामत कातडीपुरती आणि तिच्याखालच्या थरापुरती असते.

पिशवी गेल्यावर ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंवर भार येतो. खोकताना-हसताना लघवी सुटते आणि बाई लाजेनं बोलत नाही. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्ये यावरचा व्यायाम मांडला. लघवी रोखताना जे स्नायू आवळतात तेच बसल्या जागी आवळायचे, पाच अंक मोजायचे, सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाकरी थापताना करा, कोणाला कळतही नाही. कधी सुरू करायचा तेवढं डॉक्टरांना विचारून घ्यावं.

खाण्यातही आपण उलटं करतो. तूरडाळ खाल्ली तर टाके पिकतात म्हणून तिला पातळ भातावर ठेवतात. जखम भरायला लागतात ती प्रथिनं, आणि ती असतात नेमकी डाळीत, अंड्यात, मटकीच्या उसळीत, शेंगदाण्यात. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर पाळी जाण्याचा काळ एकदम अंगावर कोसळतो. घाम, तगमग, चिडचिड, पुढे हाडं ठिसूळ. तीळ, दूध, ऊन आणि रोजचं चालणं तिला मग कायमचंच. ‘पिशवी काढल्यापासून कंबर धरते’ ही तक्रार गावोगावी ऐकू येते. ती मनाची म्हणून उडवून लावण्याआधी तिची अंडाशयं शिल्लक आहेत का, हे कागदावर बघायला हवं. तो कागद मात्र बहुतेक घरांत पत्र्याच्या पेटीत, न वाचलेला असतो.

पिशवी काढण्याआधीचं या बायकांचं दुखणं खोटं होतं असं समजायचं कारण नाही. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि आधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. उसाच्या फडावर तर ना संडास, ना न्हाणी, ना पुरेसं पाणी. तिथे अंगावरून पांढरं जाणार, पोट दुखणार. त्यातला बराच त्रास गोळ्यांनी बरा होणारा असतो. बीडमध्ये 2019 नंतर खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. चांगलं झालं. पण परवानगीच्या कागदावर आणखी एक रकाना असायला हवा होता : पुढचे सहा आठवडे हिचं पाणी कोण भरणार?

कारण खरी गोम तिथे आहे. ऑपरेशनचे पैसे उचलीतून उभे राहतात, व्याजानं उभे राहतात, पण उभे राहतात. विश्रांतीचे दिवस कोणाच्याच वहीत नसतात. डॉक्टरच्या बिलात नसतात, मुकादमाच्या हिशेबात नसतात, नवऱ्याच्या डोक्यात नसतात. आणि जे कोणीच मोजलं नाही ते शेवटी त्या बाईच्या कंबरेतून वसूल होतं.

तेव्हा ज्यांच्या घरात असं ऑपरेशन ठरतंय त्यांना एवढंच सांगणं. सही करण्याआधी बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. अंडाशयं ठेवणार की काढणार, हे तोंडानं विचारा. मग घरात बसून सहा आठवड्यांची कामं वाटून घ्या : हंडा नवऱ्यानं, सरपण पोरानं, शेण-गोठा जावेनं. ही वाटणी जमत नसेल आणि दुखणं जिवावर बेतलेलं नसेल, तर ऑपरेशनची तारीख पुढे ढकला. बाळंतिणीला दिलेला सव्वा महिना ही मेहरबानी नसते, तो तिचा हक्क असतो. पिशवी काढलेल्या बाईचाही तो तेवढाच हक्क आहे.