सुरक्षा कुणाची?

‘सुरक्षा’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे सीमा, तोफा आणि गणवेश येतात. पण सुरक्षित राहायचे ते कुणी? भूमीने की भूमीवरच्या माणसांनी? मिझोरामचा इतिहास हा प्रश्न आपल्यासमोर स्पष्टपणे मांडतो.

तिथल्या डोंगरांत सुमारे ४८ वर्षांनी बांबूला एकाच वेळी फुलोरा येतो. बांबूचे बी खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि मग भातशेतीवर तुटून पडतात. या दुष्काळाला मिझो लोक ‘मौताम’ म्हणतात. १९५९ च्या मौतामपूर्वी तिथल्या जिल्हा परिषदेने आसाम सरकारकडे मदत मागितली होती. ती दुर्लक्षिली गेली. उपाशी गावांना धान्य पोहोचवण्यासाठी लालडेंगा यांच्या पुढाकाराने दुष्काळ निवारण संघटना उभी राहिली. १९६१ मध्ये तिचाच ‘मिझो नॅशनल फ्रंट’ झाला आणि १९६६ मध्ये त्याने स्वातंत्र्य घोषित केले.

बंडखोरांनी सरकारी ठाण्यांवर सशस्त्र हल्ले केले, हे नाकारता येणार नाही. शासनाने हात बांधून बसावे, असेही कुणी म्हणणार नाही. पण मार्च १९६६ मध्ये आपल्याच विमानांनी ऐजॉलवर बॉम्ब टाकले. १९६७ पासून गावेच्या गावे उठवून लष्करी पहाऱ्यातील वसाहतींत कोंबली गेली. त्यात बंदूक न उचललेल्यांचीही घरे आणि शेते गेली. एवढे करूनही बंड वीस वर्षे चालले. ते थांबले १९८६ च्या करारानंतर, वाटाघाटींच्या टेबलावर.

पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या मानव विकास अहवालात ‘मानवी सुरक्षा’ ही कल्पना मांडली. भूक, रोग आणि जुलूम यांपासून माणसाची सुटका, हीच खरी सुरक्षा, असा तिचा आशय आहे.

२००६-०७ च्या सुमारास बांबू पुन्हा फुलला. पीक गेले, लोकांचे हालही झाले. पण या वेळी राज्य मिझोंचे स्वतःचे होते. सरकारने आधीच योजना आखल्या होत्या, मारलेल्या उंदराच्या शेपटीमागे पैसेही दिले. कुणी बंदूक उचलली नाही.

बांबू तोच होता आणि उंदीरही तेच. या वेळी भुकेची हाक आधी ऐकली गेली होती. ती १९५९ मध्येच ऐकली असती तर विमाने पाठवण्याची वेळ आली असती का, याचा विचार ‘राष्ट्रीय सुरक्षा’ हा शब्द वापरणाऱ्या प्रत्येकाने करायला हवा.