अठ्ठ्यांची जोडी

द्यूत हा विषय आपल्या परंपरेला नवा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचा विलाप आहे. पुढे मनूने राजाने द्यूत राज्याबाहेर घालवावे असे सांगितले, तर कौटिल्याने त्यावर अध्यक्ष नेमून ते ठरावीक जागी बांधून घातले. सूक्तकाराने जुगाऱ्याचे मन पाहिले. शास्त्रकारांनी त्याचा व्यवहार पाहिला. आजचा कायदाही व्यवहारच पाहतो. म्हणून त्या मनाकडे पुन्हा एकवार वळणे अगत्याचे वाटते.

सुरतेहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चलथाण हे साखर कारखान्याचे गाव आहे. या परिसरात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. श्रावणात, विशेषतः गोकुळाष्टमीच्या सुमारास, पत्त्यांचा डाव मांडण्याची गुजरातेतील रूढी त्यांच्याही परिचयाची आहे. गोमंतकातील वाचकांना मांडवीच्या पात्रातील कॅसिनोच्या नौका ठाऊक आहेत. तेथे खेळल्या जाणाऱ्या पोकरचा एक प्रकार असा आहे की, त्यात पणाची रक्कम आधीच ठरलेली असते. पहिल्या दोन फेऱ्यांत एक माप व शेवटच्या दोन फेऱ्यांत दोन मापे, याहून अधिक कोणालाही एका वेळी चढवता येत नाही.

समजा, एखाद्याच्या हाती दोन अठ्ठ्या आल्या. आरंभी ही जोडी बहुतेक हातांहून सरस असते. मग मध्यभागी सर्वांसाठी तीन पाने उघडली जातात. त्यांत तिसरी अठ्ठी येण्याचा संभव शेकडा सुमारे १२. उलट अठ्ठीहून वरचढ असे एक तरी पान येण्याचा संभव शेकडा सुमारे ८७. तिसरी अठ्ठी आली नाही, तर उरलेल्या दोन पानांत ती येण्याची शक्यता बारांत एकदा एवढीच. हातातील जोडी तीच आहे. भोवतालची परिस्थिती मात्र पालटली आहे.

तथापि डाव लगेच सोडणे हेही नेहमी शहाणपणाचे नसते. मध्ये सहा मापे जमली असतील आणि एकच माप घालावयाचे असेल, तर सातांत एकदा जिंकले तरी त्या घासाची भरपाई होते. समोर एकच गडी असेल, तर त्याचाही हात रिकामा असू शकतो. तेव्हा गडी किती, त्यांनी आधी काय केले, किंमत काय, हे सारे पाहावे लागते. खरा धोका निराळाच आहे. प्रत्येक वेळी मागणी लहान असते, म्हणून मनुष्य ‘एवढे एकच’ म्हणतो; पण शेवटपर्यंत नुसते देत राहिले, तरी एक, दोन आणि दोन अशी पाच मापे जातात. एकेकाळी चांगले असलेले आपले पान आता चांगले राहिले नाही, हे मान्य करणे त्याला जड जाते. न्यायालयात अपिलामागून अपील करणारे पक्षकार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे ममत्व नवे नाही.

हे ओळखणे म्हणजे कौशल्यच होय. २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी याच खेळाचा दोन गड्यांचा प्रकार गणकयंत्राच्या साहाय्याने जवळजवळ पूर्णपणे सोडवून दाखविला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पोकरला ती सवलत नाकारली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने तर ऑनलाइन पैशांच्या खेळांपुरता कौशल्य व दैव हा भेदच बाजूस सारला.

पण कौशल्य सिद्ध झाले म्हणून लाभ निर्दोष ठरतो काय? शकुनी द्यूतात निपुण होता, एवढ्यावरून त्याची बाजू आजवर कोणी घेतलेली नाही. कोणी म्हणेल, वकिलीतही एकाचा जय हा दुसऱ्याचा पराजय असतोच. परंतु तेथे तंटा आधीपासूनच असतो आणि तो कुठे तरी मिटवावाच लागतो. येथे हानी मुद्दाम निर्माण केली जाते, कारण तिच्यावाचून लाभ संभवत नाही. दोघेही राजीखुशीने बसले होते, हे उत्तरही पुरेसे नाही. ज्याला आपले पान सोडवत नाही, त्याची संमती त्या मोहातूनच आलेली असते. आणि कुशल गडी नेमक्या त्या मोहावरच आपला हिशेब बसवितो. म्हणजे कौशल्य जितके खरे, तितकी नैतिक जबाबदारी अधिक. दोघेही केवळ दैवावर विसंबून असते, तर कोणी कोणाच्या दुर्बलतेचा फायदा घेतला असे म्हणता आले नसते.

कायदा विचारतो, खेळ कौशल्याचा की दैवाचा? धर्माचा प्रश्न याहून साधा आहे: माझ्या हाती आले ते कोणाच्या घरातून आले, आणि ते देताना तो खरोखर मोकळा होता काय? अष्टमीच्या रात्री डाव मांडणाऱ्यांनी पैसा बाजूस ठेवून तो खेळला, तर केव्हा धरावे व केव्हा सोडावे हा विवेक त्यांना तेवढाच शिकता येईल, आणि त्याची किंमत शेजारच्या घराला मोजावी लागणार नाही.