मला कोराच आवडतो

चहा करता न येणं ही आमच्या घराण्यातल्या पुरुषांची तीन पिढ्यांची परंपरा आहे. आजोबांना चूल कुठल्या खोलीत आहे एवढं ठाऊक होतं. वडिलांना स्टोव्हला पिन मारता येत असे. मी बी. कॉम. असल्यामुळे गॅसचा नंबर लावू शकतो. याहून अधिक प्रगती आमच्या घराण्यात झालीही नसती. पण गेल्या दिवाळीत माझा मेव्हणा सिलिगुडीहून यवतमाळला आला आणि त्याने माझ्या हातात पत्र्याचा एक डबा ठेवला.

"भाऊजी, हा दार्जिलिंगचा पानांचा चहा. हा उकळायचा नाही हं!"

"मग काय करायचं? चघळायचा?"

"मुरवायचा. आणि मुख्य म्हणजे यात दूध घालायचं नाही. हा कोराच घ्यायचा."

हे शेवटचं वाक्य ऐकून आमची सौ. एवढ्या मोठ्याने हसली की मेव्हणा बिचारा गोरामोरा झाला. ती का हसली हे कळण्यासाठी त्याला २००९ सालच्या उन्हाळ्यात जावं लागलं असतं. तुम्हाला मी तिकडे नेणारच आहे; पण आधी चहा होऊ द्या. पाहुण्याला चहा पाजल्याशिवाय गाऱ्हाणं सांगायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे.

तर तो डबा. एखाद्या डॉक्टरच्या पाटीवर नसतील एवढी अक्षरं त्या चहाच्या नावापुढे होती. एफ. टी. जी. एफ. ओ. पी.! म्हणजे 'फाइन टिपी गोल्डन फ्लॉवरी ऑरेंज पेको'. यातल्या ऑरेंजचा संत्र्याशी काडीचाही संबंध नाही, हे कळल्यावर विदर्भातला माणूस म्हणून मी जरा खट्टूच झालो. चहाच्या धंद्यातले लोक थट्टेने या अक्षरांचा अर्थ 'फार टू गुड फॉर ऑर्डिनरी पीपल' असा लावतात. सामान्य माणसाच्या लायकीबाहेरचा! डब्यावर इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना मी सामान्य माणसासारखाच वागलो. पातेल्यात पाणी घेतलं, मूठभर पानं टाकली, साखर घातली, आलं ठेचलं आणि पाच मिनिटं खळखळून उकळलं. जे तयार झालं त्याची चव जुन्या लेजरचा पुठ्ठा भिजत घातल्यासारखी होती.

चूक पानांची नव्हती, सवयीची होती. आपण रोज पितो तो दाणेदार चहा म्हणजे सी.टी.सी. पानं यंत्राच्या दातेरी रुळांमधून चिरडत, फाडत, वळत काढतात आणि त्याचे हे दाणे होतात. हे यंत्र आसामात १९३० च्या सुमारास निघालं. त्या पानाचा एवढा छळ आधीच झालेला असतो की गरम पाण्यात पडताक्षणी ते सगळं कबूल करून टाकतं. रंग, कडकपणा, तुरटपणा, सगळं एकदम! मग त्याला सावरायला दूध लागतं. दुधातलं प्रथिन तो तुरटपणा धरून ठेवतं आणि चहा जिभेला मऊ लागतो. अख्ख्या पानाची गोष्ट वेगळी. त्याला कोणी चिरडलेलं नसतं. ते आपल्या सवडीने उलगडतं आणि आपण धसमुसळेपणा केला तर रागाने फक्त तुरटपणा तेवढा देतं. थोडक्यात, सी.टी.सी.ला दरडावून विचारावं आणि पानाला गोडीत घ्यावं.

आता मी पडलो बँकेतला माणूस. परिपत्रक असल्याशिवाय माझा हात चालत नाही. शोध घेतला आणि काय सांगू, चहाचंही परिपत्रक निघालं! मालाची प्रमाणं ठरवणारी जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिने १९८० साली चहा कसा करावा याचं रीतसर मानक काढलं. क्रमांक ३१०३. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा, सहा मिनिटं झाकण. मात्र त्यातली मेख अशी, की हा चहा प्यायला चांगला व्हावा म्हणून नाहीच. वेगवेगळे चहा सारख्याच पद्धतीने करून त्यांची तुलना करता यावी, एवढाच त्याचा हेतू. कायद्यात बसणं निराळं आणि चव लागणं निराळं, हे या परिपत्रकाने स्वतःच कबूल केलं, म्हणून मला ते आवडलं.

आठ दिवसांच्या प्रयोगांनंतर माझी जी पद्धत बसली ती नवशिक्यांसाठी देतो. ताजं पाणी घ्यावं, सकाळचं उकळून ठेवलेलं नको. एक उकळी आली की गॅस बंद करावा आणि मिनिटभर थांबावं. तेवढ्यात त्यातलंच थोडं पाणी किटलीत फिरवून ओतून टाकावं, म्हणजे किटली गरम होते. किटली नसली तर झाकणाचं कोणतंही भांडं चालतं. माणशी एक शिगोशीग चमचा पानं घालावीत, वरून पाणी ओतावं आणि झाकण ठेवावं. घड्याळात तीन मिनिटं. ढवळायचं नाही, झाकण उघडून डोकवायचं नाही. तीन मिनिटं झाली की सगळा चहा गाळून घ्यायचा. पानांवर थेंबही ठेवायचा नाही, नाहीतर पुढचा कप कडू होतो. पानं पिळायची तर मुळीच नाहीत. हवं तर त्याच पानांवर दुसऱ्यांदा पाणी घालावं, फक्त एखादं मिनिट जास्त ठेवावं. आणि डबा घट्ट लावून मसाल्याच्या फळीपासून लांब ठेवावा. आमचा पहिला आठवडा हिंगाच्या शेजारी गेला. ती चव दार्जिलिंगलाही माहीत नसेल.

झाला चहा. आता गाऱ्हाणं.

यवतमाळ जिल्ह्यात चहा आणि कर्ज यांची सोयरीक आहे. २० मार्च २०१४ रोजी आर्णी तालुक्यातल्या दाभडी गावी नरेंद्र मोदी आले होते. तेव्हा ते पंतप्रधानपदाचे उमेदवार होते. शेतकऱ्यांबरोबरची त्यांची ती 'चाय पे चर्चा' देशभर गाजली. त्याच्या पाच वर्षं आधी घाटंजीकडच्या एका खेड्यात माझीही चहावर चर्चा झाली होती. पण मी कशाचाच उमेदवार नसल्यामुळे ती कोणत्याही पेपरात आली नाही.

२००८ साली केंद्र सरकारची शेतीकर्जमाफी आली होती. साधारण पाच एकरांपर्यंत जमीन असेल तर थकलेलं कर्ज पूर्ण माफ. त्याहून जास्त असेल तर साधारण पाव हिश्श्याची सूट, तीही बाकीची रक्कम भरली तरच. कागदावर सात एकरवाला हा पाच एकरवाल्यापेक्षा श्रीमंत. आमच्याकडच्या कोरडवाहू कापसाच्या रानात मात्र सात एकर म्हणजे पाच एकरांची काळजी अधिक आणखी दोन एकरांची काळजी. अशाच एका सात एकरवाल्या काकाजींकडे "उरलेलं भरा आणि मोकळे व्हा" असं सांगायला मॅनेजरसाहेब निघाले आणि मोटरसायकलवर मागे फाइल धरायला मला घेतलं.

मे महिना, दुपारची वेळ. ओट्यावर सतरंजी टाकून आम्हाला बसवलं. थोड्या वेळाने मावशी दोन कप घेऊन बाहेर आल्या आणि कप पुढे करायच्या आधीच म्हणाल्या, "गाय आटली जी. दूध नाही घरी. कोराच हाय."

साहेबांना ॲसिडिटी होती. खरोखरच होती. त्यांनी "मला चालत नाही" म्हणून कप परत केला. ते शंभर टक्के खरं बोलले आणि मावशींचा चेहरा पडला. तो चेहरा बघून मी दुसरा कप उचलला आणि म्हणालो, "वा मावशी! मला कोराच आवडतो."

वाचकहो, मी दुधाचा चहा सायीसकट पिणारा माणूस आहे. तो कोरा चहा मी डोळे मिटून घशाखाली लोटला. पण मावशींचा चेहरा फुलला. घरी येऊन हे सौ.ला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. दिवाळीत हसली ती दुसऱ्यांदा.

पुढच्या वर्षी काकाजींनी खातं बंद केलं. पैसे कुठून आणले ते मी विचारलं नाही. गोठ्यातला एक खुंटा रिकामा दिसला.

नंतरही त्या बाजूला गेलो की मी त्यांच्या ओट्यावर टेकायचो. दोन वर्षांनी दारात म्हैस आली. माझ्याबरोबरच्या शिपायाला दाट दुधाचा, वर सायीचा तवंग आलेला चहा मिळाला आणि माझ्यासमोर कोरा कप आला. "साहेबाले कोराच लागते," असं मावशींनी घरच्यांना बजावून ठेवलं होतं. शिपाई ओठांवरची साय जिभेने पुसत होता आणि मी "वा!" म्हणत होतो. असं पुढे कितीतरी वर्षं चाललं.

आता प्रश्न असा, की मी त्या दिवशी बोललो ते पाप की पुण्य? इमान्युएल कान्ट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ साली एका निबंधात मांडलं, की खोटं कधीच बोलू नये. खुनी माणूस दारात येऊन, तुमचा मित्र कुठे लपलाय असं विचारत असला तरीसुद्धा! हे कान्टसाहेब पहाटे पाचला उठून अगदी फिका चहा घेत असत. तो कधी बिघडला तर नोकराला काय म्हणत असतील, एवढीच माझी शंका. आपलं जुनं सुभाषित जास्त समजूतदार वाटतं. पण शेवटी तेही अडवतंच. खरं बोला, गोड बोला, कडू खरं बोलू नका आणि गोड खोटंही बोलू नका. म्हणजे गप्प बसा! पण कप परत करून साहेब गप्पच तर बसले होते. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा आणि अश्वत्थाम्याच्या वेळी अर्धवट खोटं बोलल्याबरोबर तो खाली टेकला. आमची मोटरसायकल आधीपासूनच जमिनीवर असल्यामुळे मला काही फरक जाणवला नाही.

खरा त्रास वेगळाच होता. मी मावशींना बरं वाटावं म्हणून बोललो, की ज्या घरात दुधाला पैसा नाही त्या घरी पैसे मागायला आलो होतो, म्हणून मला बरं वाटावं यासाठी बोललो? सूट वाढवून देणं माझ्या हातात नव्हतं. शब्द तेवढा हातात होता, तो दिला. शब्द फुकट असतो, अशी माझी तेव्हा समजूत होती.

बँकेत वीसेक वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय, की गोड खोटं म्हणजे बिनतारणाचं कर्ज. उचलताना सही लागत नाही, जामीन लागत नाही. हप्ते मात्र भरावे लागतात. "कोराच आवडतो" म्हणायचं आणि अर्धा कप हळूच कुंडीत ओतायचा, हा लबाड. शेवटच्या घोटापर्यंत पिणारा निदान प्रामाणिक कर्जदार. मी माझे हप्ते एकदाही चुकवले नाहीत, याचा मला मनातून अभिमान होता.

तो अभिमान यंदा उतरला. काकाजींचं डोळ्याचं ऑपरेशन यवतमाळला झालं आणि गावी परतताना दोघं आमच्या घरी आली. मी म्हटलं, आज चहा मी करणार. किटली गरम केली, पानं मोजली, घड्याळ लावून तीन मिनिटं थांबलो आणि सोनेरी रंगाचे चार कप घेऊन बाहेर आलो. मावशींनी कपात पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. एक घोट घेतला आणि अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, "असू द्या जी. आमालेबी कोराच आवडते."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बँकेतल्या साहेबाच्या घरी आज दूध नाही, असं त्या माउलीला वाटलं होतं! हा चहा किती महागाचा आहे ते सांगावं की गप्प बसावं? एकाच बिनदुधाच्या चहाची एका घरी माफी मागतात आणि दुसऱ्या घरी तो मिरवतात, हे मावशींना समजावणार तरी कसं? मी गप्प बसलो. गोड खोटं बोलण्यापेक्षा ते ऐकून घेणं फार जड जातं, हे त्या तीन-चार घोटांत मला कळलं.

तेवढ्यात सौ.ने आतून आलं घातलेला, दुधाचा, वाफाळता चहा आणला. "तो यांच्या नादाचा होता. आता चहा घ्या," असं म्हणून तिने सवयीने माझ्याही हातात साय असलेला कप दिला. मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. सोळा वर्षांचं खातं भर दिवाणखान्यात उघडं पडलं.

"मावशी," मी चाचरत म्हणालो, "त्या दिवशी मी..."

"मले ठाव होतं जी," मावशी पदराने तोंड पुसत हसल्या. "तुमी औषद घेतल्यावानी पेले होते."

"मग म्हैस आल्यावरही मला कोराच का देत होता?"

"मंग काय करू? साऱ्यांसमोर दुधाचा देला असता त तुमी खोटे पडले असते ना जी!"

म्हणजे मी ज्याला माझे हप्ते समजत होतो, त्यातले निम्मे मावशी भरत होत्या. आणि मी मात्र वसुलीचा माणूस!

एक गोष्ट मात्र राहून गेली. आठ दिवसांच्या प्रयोगांमुळे म्हणा किंवा सोळा वर्षांच्या सरावामुळे म्हणा, बिनदुधाचा चहा मला आता मनापासून आवडायला लागला आहे. त्या दिवशी निघताना मावशींना मी तसं सांगितलं.

मावशी काकाजींकडे बघून हसल्या. सौ. तर तिसऱ्यांदा हसली. या वेळी मी अक्षरशः खरं बोलत होतो आणि त्या खोलीत माझ्यावर विश्वास ठेवायला एकही माणूस तयार नव्हता.