नाताळची पंगत आणि वजनाचा काटा

आगमनकाळाचा दुसरा रविवार
वाचने : यशया ११:१-१०, रोमकरांस पत्र १५:४-९, मत्तय ३:१-१२



आजच्या शुभवर्तमानात आपल्याला बाप्तिस्मा करणारा योहान भेटतो. अंगावर उंटाच्या केसांचे वस्त्र, कंबरेला कातड्याचा पट्टा आणि खायला टोळ व रानमध. इकडे आपल्या सक्करदऱ्यात काय चालले आहे? केकसाठी सुकामेवा भिजत पडला आहे, करंज्यांसाठी खोबरे किसले जात आहे, आणि बुधवार बाजारातून येणाऱ्या पिशव्या नेहमीपेक्षा जड झाल्या आहेत. योहान आज आपल्या स्वयंपाकघरात डोकावला तर काय म्हणेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आपल्यापैकी काहींच्या घरी तर योहानाच्या आधीच डॉक्टर डोकावून गेले आहेत. "वजन कमी करा, नाहीतर गोळ्या वाढतील," असे त्यांनी सांगितले आहे. गेल्या काही दिवसांत तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला : "फादर, सणाला खाल्लं तर डॉक्टर रागावतात, नाही खाल्लं तर घरचे रागावतात. काय करावं?" प्रश्न हसत विचारला जातो, पण विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काळजी असते. म्हणून आज त्याविषयीच बोलू.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. गेल्या नाताळात मिस्सानंतर आवारात केक आणि चहा होता. आपल्या धर्मग्रामातील एक मावशी केकचा दुसरा तुकडा उचलत होत्या. त्यांना साखरेचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितले आहे, हे मला ठाऊक होते. मी सर्वांसमोर म्हणालो, "मावशी, दुसरा तुकडा? डॉक्टरांना फोन लावू का?" सगळे हसले. मावशीही हसल्या आणि तुकडा परत ताटात ठेवून दिला. मला वाटले, मी त्यांचे भलेच केले.

त्यानंतर मावशी मिस्साला येत, पण शेवटचा आशीर्वाद झाला की लगेच निघून जात. धर्मग्रामाच्या सणाच्या जेवणालाही त्या आल्या नाहीत. प्रायश्चित्तकाळात एके दिवशी मी त्यांच्या घरी गेलो आणि कारण विचारले. बराच वेळ त्या बोलेनात. मग म्हणाल्या, "फादर जी, तो तुकडा मी माझ्यासाठीच घेतला होता. खोटं कशाला बोलू? केक खायला मिळावा म्हणून मी आदल्या दुपारपासून काही खाल्लंच नव्हतं. पोटात आग पडली होती." थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, "कमी खा म्हणणारे मला पुष्कळ आहेत. माझ्यासंगं चालाले कोणी येत नाही."

बंधू-भगिनींनो, तीस वर्षे प्रवचने देणाऱ्या माणसाला त्या दिवशी त्या माउलीने प्रवचन दिले. मी त्यांची क्षमा मागितली.

आजचे दुसरे वाचन पुन्हा एकदा पाहा. संत पौल रोमकरांना सांगतो की, ख्रिस्ताने जसा तुमचा स्वीकार केला तसा तुम्ही एकमेकांचा स्वीकार करा. ख्रिस्ताने माझा स्वीकार माझे वजन पाहून केला नाही. मग पंगतीत बसलेल्या माणसाच्या ताटाकडे पाहून त्याचा हिशेब करणारा मी कोण? जाड माणसाला आपण जाड आहोत हे कुणी सांगावे लागत नाही. आरसा सांगतो, जिना सांगतो, रिक्षावालाही सांगतो. निदान चर्चच्या आवारात तरी त्याला ते ऐकावे लागू नये.

याचा अर्थ वजनाची काळजी करू नये असा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि प्रौढांपैकी शंभरातील जवळजवळ चाळीस जणांच्या पोटाचा घेर असावा त्यापेक्षा जास्त आहे. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की डॉक्टर सावध करतात. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौल करिंथकरांना लिहितो. मंदिराची भिंत खचू लागली तर आपण वर्गणी काढून डागडुजी करतो. मग या मंदिराकडे दुर्लक्ष का करावे?

पण डागडुजी कधी करायची आणि सण कधी साजरा करायचा, हे पवित्र सभेने आपल्याला फार शहाणपणाने शिकवले आहे. योहान उपास करीत आला. प्रभू येशू मात्र खात-पीत आला, आणि त्यासाठी लोकांनी त्याला खादाड व दारुडा म्हटले (मत्तय ११:१८-१९). काना गावच्या लग्नात त्याने दगडाचे सहा रांजण भरून द्राक्षरस दिला. प्रत्येक रांजणात ८० ते १२० लिटर मावत असे. त्याच प्रभूने रानात चाळीस दिवस उपासही केला. उपास आणि मेजवानी, दोन्ही त्याचीच आहेत.

म्हणूनच आपल्या पंचांगातही दोन्हींना जागा आहे. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत मोजले तर ४६ दिवस भरतात. आपण मात्र उपासाचे ४० दिवस म्हणतो, कारण मधले सहा रविवार उपासात धरले जात नाहीत. १९८३ च्या धर्मसंहितेत शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा नियम आहे, पण शुक्रवारी एखादा महासण आला तर तो नियम लागू होत नाही, असेही तिथेच लिहिले आहे. २५ डिसेंबर २०२० रोजी शुक्रवार होता. त्या दिवशी तुमच्या घरी मटण शिजले असेल, तर पवित्र सभेच्या परवानगीनेच शिजले! सणाच्या दिवशी आनंदाने जेवणे हे पाप नाही. ते कृतज्ञतेचे काम आहे.

आपण चुकतो ते दुसरीकडेच. सण एक दिवसाचा असतो, पण आपली पंगत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या सहा तारखेपर्यंत उठत नाही. पुढे वर्षभर रोजच थोडाथोडा सण चालू असतो. साधा हिशेब करा. एका चहात दोन चमचे साखर आणि दिवसात चार चहा म्हणजे आठ चमचे, सुमारे ४० ग्रॅम. वर्षाची साखर झाली साडेचौदा किलो, आणि तीही फक्त चहातून! बाहेरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत असावी, २५ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. त्या साडेचौदा किलोंपुढे नाताळच्या दोन करंज्या काय आहेत? सकाळचे तर्री पोहे, संध्याकाळचा समोसा, रविवारचा सावजी रस्सा आणि त्यावरचा बोटभर तेलाचा तवंग, यांना आपण विसरतो आणि सगळा दोष बिचाऱ्या केकवर टाकतो. आपल्याकडे म्हणतातच, एकादशी आणि दुप्पट खाशी.

आपल्या नागपूरच्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी याविषयी फार सुंदर मार्ग दाखवला आहे. १६०९ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे भक्तिजीवनावरचे पुस्तक मठवासीयांसाठी नाही, तर संसारी माणसांसाठी आहे. त्यात ते हरणाचा दाखला देतात. अंगावर फार चरबी चढली तरी हरणाला नीट पळता येत नाही, आणि फार रोडावले तरी येत नाही. तरुणपणी अति उपास करून प्रकृती बिघडवून घेणाऱ्यांनाही ते सावध करतात, कारण अशी माणसे पुढे सेवेच्या कामाला उपयोगी पडत नाहीत, उलट त्यांचीच सेवा करावी लागते. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, नेहमी मुद्दाम वाईटसाईट निवडून खाण्यापेक्षा समोर वाढलेले कुरकुर न करता खाणे हा मोठा सद्गुण आहे, असे ते शिकवतात. त्यासाठी ते प्रभूच्याच सांगण्याचा आधार घेतात : ज्या घरी जाल तिथे जे पुढे ठेवतील ते खा (लूक १०:८). प्रभूने 'जे ठेवतील ते' म्हटले. 'जेवढे ठेवतील तेवढे' असे काही म्हटले नाही.

खादाडपणा म्हणजे फक्त जास्त खाणे नव्हे. थोरले संत ग्रेगरी आणि त्यांच्यामागून संत थॉमस अक्वायनस यांनी खादाडपणाच्या पाच तऱ्हा सांगितल्या : वेळेआधी खाणे, महागडेच हवे असणे, जास्त खाणे, अधाशासारखे खाणे आणि फार चोखंदळपणा करणे. म्हणजे पंगतीत बसून "यात तेल किती? त्यात साखर किती?" असे यजमानाला हैराण करणाराही त्याच यादीत बसतो. दोघांचेही सारे लक्ष स्वतःच्या ताटात असते. शेजारी कोण बसले आहे, हे त्यांना दिसत नाही.

तर या नाताळात काय करायचे? काही साध्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, सणाच्या जेवणासाठी आदल्या दिवशी उपाशी राहू नका. मावशींचे काय झाले ते तुम्ही ऐकलेच. दुपारी भाजी-पोळी खाऊन आलेला माणूस रात्री केकचा एक तुकडा चवीने खातो, आणि उपाशी आलेला चार तुकडे चव न घेता गिळतो. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवूच नये. साखर एकदम खाली येऊन जिवावर बेतू शकते. आजारी माणसाला पवित्र सभेनेही उपासाची सक्ती केलेली नाही.

दुसरी गोष्ट यजमानांसाठी. आग्रह हे आपल्या पाहुणचाराचे भूषण आहे, पण तो एकदाच करा. "माझी शपथ आहे" म्हणून ताटात करंजी टाकणे हे प्रेम नव्हे. पाहुणा "पुरे" म्हणाला की त्याच्या शब्दाला मान द्या. आणि पाहुण्यांनो, तुम्हीही अर्धी करंजी मोडून घ्या, पण घ्या. त्या बाईने रात्र जागून ती तळली आहे. मी नाताळात घरोघरी येतो तेव्हा तीस घरांत तीस ताटे समोर येतात. या वर्षी प्रत्येक घरी मी एक घास खाईन आणि दहा मिनिटे जास्त बसेन. माझे ताट रिकामे झाले नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

तिसरी गोष्ट, सणाचे दिवस आधीच ठरवा. नाताळ आणि नववर्षाचा दिवस मनापासून साजरा करा. मधल्या साध्या दिवशी साधेच जेवा. आगमनकाळ हा तयारीचा काळ आहे. फराळाचे डबे चोवीस तारखेपर्यंत उघडले नाहीत, तर तोही एक छोटा उपासच होईल. शिवाय डॉक्टर सांगतात की, ऐंशी किलोच्या माणसाने चार ते आठ किलो वजन कमी केले तरी साखर आणि रक्तदाबात चांगला फरक पडतो. काटा एका महिन्यात पंचवीस वर्षांच्या तरुणासारखा दिसावा, असा हट्ट धरू नका.

चौथी गोष्ट सर्वात मोठी. नहेम्याच्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात एक प्रसंग आहे. नियमशास्त्र ऐकून लोक आपल्या चुका आठवून रडू लागले. तेव्हा त्यांना सांगण्यात आले की, आज रडू नका, जा, चांगलेचुंगले खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही शिजले नाही त्यांना वाटा पाठवा. सणाच्या जेवणाचा नियम हा असा आहे. आपल्या ताटातून जे कमी होईल ते कुणाच्या तरी ताटात गेले पाहिजे. नाहीतर ते नुसते डाएट राहते, उपास होत नाही. इथून जवळच मेडिकलच्या आवारात खेड्यापाड्यांतून आलेले रुग्णांचे नातेवाईक दिवसेंदिवस राहतात. ज्या घरी दहा किलोचा फराळ होतो तिथे या वर्षी सातच किलोचा करावा, आणि उरलेल्या पैशांतून पोळी-भाजीचे डबे त्यांच्याकडे जावेत, असे मला वाटते. आपली युवक मंडळी डबे पोचवायला तयार आहेत. मिस्सानंतर त्यांच्याकडे नावे द्या.

आता मावशींचे पुढे काय झाले ते सांगतो. पुनरुत्थान सणानंतर एका संध्याकाळी सहा वाजता मी त्यांच्या दारात उभा राहिलो. "चला, मावशी." आम्ही चर्चच्या फाटकापासून सक्करदरा चौकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. पहिल्या दिवशी मध्ये दोनदा थांबावे लागले. एकदा त्या थांबल्या आणि एकदा मी. पुढे दोन सिस्टर आल्या, मग शेजारचे काका आले. आता आम्ही नऊ जण आहोत. चालताना जपमाळ होते, आणि जपमाळ संपली की सुनांच्या आणि सासवांच्या गोष्टीही होतात. मावशींचा काटा चार किलोंनी खाली आला आहे. माझा दोनच किलोंनी, कारण मधल्या काळात धर्मग्रामात पाच लग्ने झाली! पण खरी आनंदाची गोष्ट निराळीच आहे. गेल्या रविवारी आशीर्वादानंतर मावशी निघून गेल्या नाहीत. आवारात थांबल्या आणि सर्वांबरोबर चहा घेतला, बिनसाखरेचा.

आजच्या पहिल्या वाचनात यशया एक अद्भुत चित्र दाखवतो. लांडगा आणि कोकरू एकत्र राहतात, गाय आणि अस्वल एकत्र चरतात, आणि सिंह बैलासारखा कडबा खातो. देवाच्या राज्यात सिंहसुद्धा आपले खाणे बदलतो! कशासाठी? शेजारच्या कोकराने त्याच्याजवळ निर्भयपणे बसावे म्हणून. आपल्या नाताळच्या पंगतीतही कोणी भीत-भीत बसू नये. मधुमेह असलेल्याने आग्रहाची भीती बाळगू नये, जाड असलेल्याने थट्टेची, आणि गरिबाने रिकाम्या हाताने येण्याची.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू कानाच्या पंगतीत बसलास आणि रानात उपासही केलास. आम्हांला आनंदाने खायला शिकव आणि वेळीच हात आखडता घ्यायलाही शिकव. आमच्या हसण्याने कुणाचे मन दुखावले असेल तर आम्हांला क्षमा कर. तुझ्या जन्मदिवसाच्या पंगतीत कुणाचीही जागा रिकामी राहू देऊ नकोस. आमेन.